रेस्क्यू पेन ड्राइव्हवर काय टिकवायचं: गिरगावातल्या एका छापखान्याचं प्रकरण

गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे, एका गल्लीत जुना ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, दोन दिवाळी अंक असं बारमाही काम. २०२५च्या जुलैत त्यांच्या मुख्य डीटीपी मशीनची १ टीबीची हार्ड डिस्क आचके द्यायला लागली. फाइल उघडताना टिकटिक आवाज, मग स्क्रीन गोठलेली, आणि एका सकाळी विंडोज चालूच होईना. गणपती ऑगस्टअखेर, म्हणजे अहवालांचा हंगाम तोंडावर. बॅकअप होता, पण मागच्या दिवाळीनंतर घेतलेला. मधल्या सगळ्या महिन्यांचं काम त्या एकाच डिस्कवर.

डिस्क कशी वाचवली हा भाग तसा नेहमीचाच आहे, तो पुढे येईलच. पण इथे डिस्कच्या आधी तिला वाचवायला आणलेला पेन ड्राइव्हच आडवा झाला होता. आणि त्याचं कारण हार्डवेअरमध्ये नव्हतं. त्याच्यावर ‘केलेलं सगळं टिकलं पाहिजे’ अशी सोय करून ठेवली होती, तिथे ते होतं.

आधी काय घडलं

छापखान्याच्या मालकांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी आधी बोलावलं ते भागातच हार्डवेअरची कामं करणाऱ्या एका पोराला. मुलगा हुशार आहे, हे आधीच सांगतो. त्यानं ती डिस्क विंडोजमध्ये पुन्हापुन्हा चालू करून बघितली नाही, चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल, तर अजिबात चालवलं नाही. मरू घातलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवून तिची उरलीसुरली धुगधुगी घालवणारे मी पुष्कळ पाहिलेत. यानं डिस्क काढली, छापखान्यातल्या दुसऱ्या, जरा नव्या मशीनला सरळ साटा केबलनं जोडली, स्वतःच्या लिनक्स पेन ड्राइव्हवरून मशीन बूट केलं आणि डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचून काढणारं टूल लावून सगळ्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, नव्या २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. इथपर्यंत मीही हेच केलं असतं.

संध्याकाळी काम चालू ठेवून तो घरी गेला. रात्री अण्णांनी दुकान बंद करताना रोजच्यासारखा मेन स्विच खाली ओढला. कागदाच्या रिमांनी गच्च भरलेल्या खोलीत, जुन्या चाळीच्या वायरिंगवर ही सवय चुकीची म्हणता येणार नाही.

सकाळी मशीन चालू केलं तर एक्स्टर्नल डिस्कवर अर्धवट इमेज होती. मॅप फाइल मात्र कुठेच नव्हती.

मॅप फाइल नसली तर काय बिघडतं, ते इथेच सांगायला हवं. डीडीरेस्क्यू आजारी डिस्क सरळ पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या छोट्या कप्प्यापासून, शेवटपर्यंत वाचत बसत नाही. आधी जे सहज मिळतं ते उचलतं, अडलं की तिथून उडी मारून पुढे जातं, आणि कठीण तुकड्यांवर नंतर परत येतं. कुठला भाग मिळाला, कुठला अडला, कुठे अजून हातही लावलेला नाही याचा हिशेब ते एका साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतं. मिळालेल्या भागापुढे अधिकचं चिन्ह, खराब सेक्टरपुढे वजाचं, न वाचलेल्या भागापुढे प्रश्नचिन्ह. हा हिशेब हाताशी असेल तर काम कितीही वेळा थांबलं तरी जिथल्या तिथे पुढे चालू होतं. तो गेला की डीडीरेस्क्यूच्या लेखी डिस्क पुन्हा कोरी, आणि जे एकदा मिळालंय तेच परत वाचायला लागतं. धडधाकट डिस्कला त्याचं काही नाही. हिचे मात्र स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या टूलमध्ये पेंडिंग, म्हणजे वाचताना अडणारे, सेक्टर तीन आकड्यांत गेले होते, आणि आदल्या दिवशीपेक्षा वाढले होते.

कोणी म्हणेल, मॅप फाइल इमेजच्या शेजारी एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवायची, प्रश्न मिटला. अगदी खरं. तशीच ठेवायची असते. पण त्या मुलानं कमांडमध्ये मॅप फाइलचं नुसतं नाव दिलं होतं, रस्ता दिला नव्हता, त्यामुळे ती होम फोल्डरमध्ये गेली. त्याच्या पेन ड्राइव्हवर होम फोल्डर टिकायचा. तिथे टाकलेलं दुसऱ्या दिवशी सापडायचं ही सवय. नेमकी त्याच रात्री ती सोय चालू नव्हती.

‘का रे?’ म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘काका, चार-पाच दिवस झाले, डेस्कटॉपच येत नव्हता. नुसती काळी स्क्रीन. इथे घाई होती, म्हणून मेन्यूतून साधा लाइव्ह घेतला.’

पेन ड्राइव्हच्या पोटात

लाइव्ह लिनक्समध्ये, म्हणजे मशीनवर न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये, मूळ प्रणाली एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत असते. तिचं नाव स्क्वॉशएफएस. तीत कोणालाच काही बदलता येत नाही, प्रणालीला स्वतःलाही नाही. मग आपण फाइली बनवतो, वायफायचा पासवर्ड टाकतो, पॅकेज बसवतो ते कुठे जातं? प्रूफवर बटर पेपर ठेवून त्याच्यावर दुरुस्त्या कराव्यात तसा मूळ प्रणालीवर एक लिहिता येणारा थर अंथरलेला असतो. वरून बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच पान दिसतं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, हे काम ओव्हरलेएफएस करतं. साध्या लाइव्हमध्ये हा वरचा थर रॅममध्ये असतो, म्हणून वीज गेली की सगळं गेलं. पर्सिस्टन्स म्हणजे तो वरचा थर रॅमऐवजी पेन ड्राइव्हवरच्या एखाद्या पार्टिशनमध्ये (वेगळ्या काढलेल्या भागात) किंवा फाइलीत ठेवणं. इतकंच.

त्या मुलाचा पेन ड्राइव्ह उबंटूचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा, होता. विंडोजवरच्या एका तयार टूलनं बनवलेला, फॅट३२ फॉरमॅटचा, आणि पर्सिस्टन्ससाठी त्यात कॅस्पर-आरडब्ल्यू नावाची एक फाइल. आकार ४ जीबी. फॅट३२वर एका फाइलीला ४ जीबीच्या वर जाता येत नाही, म्हणून ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी ही थैली तेवढीच. मी ती फाइल माझ्या लॅपटॉपवर फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे आतलं दिसेल अशी जोडली. जागा शंभर टक्के भरलेली, एक बाइट रिकामा नाही.

आत ‘अपर’ नावाचा फोल्डर असतो, तोच तो वरचा थर. त्यात फोल्डरांचे आकार लावून बघितले. सगळ्यात मोठा तुकडा स्नॅपचा, म्हणजे उबंटूच्या एका पॅकेज-पद्धतीचा. उबंटूत फायरफॉक्स स्नॅपमधून येतं, नेट मिळालं की स्नॅप आपसूक नवी आवृत्ती उतरवतो आणि जुनीही ठेवून देतो. त्याच्याखाली एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या टूलचा कॅश, उतरवलेल्या पॅकेजांनी भरलेला. त्याच्याखाली एका नव्या कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे त्याचे जोडभाग. मुलानं मध्येच एकदा अख्खी प्रणाली अपग्रेड केली होती. नोटिफिकेशन येत होतं, म्हणून.

त्या नव्या कर्नलची गंमत अशी की तो कधी चालणारच नव्हता. लाइव्ह पेन ड्राइव्ह बूट होताना कर्नल मूळ आयएसओतल्या, म्हणजे लिनक्स ज्या एका फाइलीत मिळतं तिच्यातल्या, फोल्डरमधून उचलला जातो, वरचा थर जागेवर बसण्याच्या आधी. म्हणजे अपग्रेडनं आणलेल्या कर्नलचे मॉड्यूल नुसती जागा अडवून बसले.

अपग्रेडचं दुसरं दुखणं याहून खोल आहे. खालच्या थरातली फाइल बदलायची झाली तर ओव्हरलेएफएस ती अख्खी वर उचलून आणतं आणि मग बदलतं. फाइल शंभर एमबीची आणि बदल चार अक्षरांचा असला तरी शंभर एमबी वर येतात. खालची फाइल पुसली तर जागा सुटत नाही, ‘ही फाइल आता नाही असं समजा’ एवढी एक खूण वर उमटते. म्हणजे अशा प्रणालीवर अपग्रेड करणं म्हणजे तीच प्रणाली हळूहळू दुसऱ्यांदा लिहून काढणं, तेही त्या एवढ्याशा थैलीत. ती भरली. डेस्कटॉपला लॉगिनच्या वेळी स्वतःच्या चार फाइली लिहायलाही जागा उरली नाही, म्हणून काळी स्क्रीन. मग घाईत साधा लाइव्ह, मग मॅप फाइल रॅममध्ये, मग मेन स्विच. साखळी एवढीच, आणि तिच्या पहिल्या कडीचा छापखान्याशी काही संबंध नव्हता.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. अख्खी प्रणाली टिकवणारा पेन ड्राइव्ह ज्याला खिशात आपला डेस्कटॉप घेऊन फिरायचंय त्याच्यासाठी ठीक आहे. सायबर कॅफेत बसणारा विद्यार्थी म्हणा, ऑफिसच्या मशीनवर आपलं काहीच ठेवायचं नाही असा माणूस म्हणा. रेस्क्यूसाठी तो मुळातच गैरसोयीचा. दुसऱ्याचं मशीन मेलेलं असताना माझा पेन ड्राइव्ह कालच्यासारखाच आज बूट झाला पाहिजे, ही त्याच्याकडून पहिली अपेक्षा, आणि वाढत जाणारा थर नेमकं तेच हिरावून घेतो. टिकायला हवं ते फक्त कामाचं: मॅप फाइली, फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या टूलची अर्धवट सत्रं, लॉग, आपल्या स्क्रिप्ट. त्याला होम फोल्डर पुरतो.

नवी मांडणी

त्या मुलालाच बसवून नवा पेन ड्राइव्ह करायचा ठरवला. पाया डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या लाइव्हचा, तेव्हा १२ची आवृत्ती चालू होती. उबंटूच्या कॅस्परमध्ये, म्हणजे लाइव्ह चालू करून देणाऱ्या भागात, रूढ पद्धत अख्खी मूळ डिरेक्टरी टिकवण्याची. डेबियनच्या लाइव्ह-बूटमध्ये, काम तेच, पण काय टिकवायचं याची यादी आपण देतो, आणि मला नेमकं तेच हवं होतं. व्हेंटॉय वापरावं का, असा प्रश्न मुलानं काढला. प्रश्न रास्त आहे. एका ड्राइव्हवर दहा आयएसओ ठेवायच्या असतील तर व्हेंटॉयसारखी सोय नाही, आणि त्याच्या जेसन फाइलीत कुठल्या आयएसओला पर्सिस्टन्सची कुठली फाइल ते लिहून ठेवताही येतं. पण या कामात बूट मेन्यूतली प्रत्येक ओळ मला डोळ्यासमोर हवी होती. त्याचं कारण पुढे येतंच.

पेन ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवरून आणला. ३२ जीबी पुष्कळ झालं. मुलाच्या फोनमध्ये एक जाहिरात होती, साताठशे रुपयांत १ टीबीचा पेन ड्राइव्ह. असल्या मालात चिप छोटी असते आणि कंट्रोलर खोटं बोलतो. खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं. पर्सिस्टन्समध्ये हे जास्तच घातक, कारण पहिल्या पार्टिशनमध्ये प्रणाली बसते, ती व्यवस्थित बूट होते, आणि टिकवायचं पार्टिशन येतं शेवटाला, म्हणजे नेमकं जिथे चिपच नाही तिथे. म्हणून नवा ड्राइव्ह, कितीही ओळखीच्या दुकानातला असो, आधी एफ३नं तपासायचा. एफ३राइट सगळी जागा ओळखीच्या मजकुरानं भरतं, एफ३रीड तो परत वाचून बघतं. आमचा पास झाला.

आता नेहमीची पद्धत म्हणजे आयएसओ फाइल डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडनं सरळ पेन ड्राइव्हवर ओतायची आणि उरलेल्या जागेत तिसरं पार्टिशन काढायचं. चालतं ते. पण तसं केलं की आयएसओचा भाग फक्त वाचता येणारा राहतो, बूट मेन्यू बदलता येत नाही, आणि दर वेळी मेन्यूवर ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी पर्सिस्टन्स हा शब्द हातानं लिहावा लागतो. घाईत माणूस तो विसरतो, आणि विसरला तर कसलाही इशारा न देता साधा लाइव्ह चालू होतो. गिरगावातल्या त्या रात्रीसारखं.

म्हणून दुसरी वाट. जीपीटी पद्धतीचा पार्टिशन-तक्ता, दोन पार्टिशनं. पहिलं ८ जीबीचं फॅट३२, ईएफआय सिस्टिमचा फ्लॅग लावलेलं. त्यात आयएसओ माउंट करून आतल्या सगळ्या फाइली कॉपी करायच्या. यूईएफआय, म्हणजे बूट करून देणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर, असलेल्या मशीनला एवढं पुरतं, ते ईएफआय फोल्डरमधली बूट फाइल स्वतः शोधून काढतं. एक खाच मात्र आहे. नुसतं तारांकन देऊन कॉपी केलं तर टिंबानं सुरू होणारा डिस्क नावाचा लपलेला फोल्डर मागे राहतो, तो सुद्धा यायला हवा. सिमलिंकबद्दल तक्रार आली तर सोडून द्यायची, फॅट३२ला सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, कळतच नाही.

दुसरं पार्टिशन उरलेल्या सगळ्या जागेचं, ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटचं, आणि त्याचं लेबल पर्सिस्टन्स. इथे स्पेलिंग इंग्रजी छोट्या अक्षरांत, जसंच्या तसं. शेवटी ‘ent’ की ‘ence’ यात पुष्कळ जणांची गल्लत होते, कारण उबंटूच्या कर्नलच्या ओळीत पर्सिस्टंट हा शब्द आहे आणि डेबियनच्या ओळीत पर्सिस्टन्स. एकाचा शब्द दुसऱ्याला दिला तर त्रुटीचा संदेशही येत नाही, काही टिकत नाही एवढंच. या पार्टिशनच्या अगदी वरच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, पर्सिस्टन्स.कॉन्फ नावाची फाइल हवी. ती नसली तर लाइव्ह-बूट ते पार्टिशन जमेतच धरत नाही. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी या फाइलीत नुसता स्लॅश आणि पुढे युनियन लिहायला सांगतात. तीच ती अख्खी प्रणाली टिकवण्याची आज्ञा. आम्ही एकच ओळ लिहिली: स्लॅश होम. मग बूट झाल्यावर फक्त होम फोल्डर पेन ड्राइव्हवरून येतो, पहिल्या वेळी मूळ होममधला मजकूर लाइव्ह-बूट स्वतःच तिथे नेऊन ठेवतं, आणि बाकी प्रणाली दर वेळी कोरी करकरीत.

आता ग्रबची, म्हणजे बूट मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, कॉन्फिग फाइल. ती फॅट३२वर असल्यामुळे कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. कर्नलच्या ओळीत ‘बूट=लाइव्ह कंपोनंट्स’ असं असतं, त्याच्या पुढे पर्सिस्टन्स हा शब्द जोडला. पण तेवढ्यावर थांबलो नाही. नुसतं पर्सिस्टन्स म्हटलं की लाइव्ह-बूट त्या लेबलच्या शोधात मशीनला जोडलेल्या सगळ्या डिस्क चाचपतं. म्हणजे जिला कमीत कमी हात लावायचा तिलाच बूट होतानाच हात लागतो, आणि खराब सेक्टर वाटेत आला तर बूटही ताटकळतं. त्यावर उपाय आहे: पर्सिस्टन्स-मीडिया या पर्यायाला रिमूव्हेबल-यूएसबी ही किंमत द्यायची. मग शोध फक्त यूएसबीच्या काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हपुरता. मेन्यूतली प्रत्येक ओळ डोळ्यासमोर हवी म्हणालो ते यासाठी. काही पेन ड्राइव्ह स्वतःला फिक्स्ड डिस्क म्हणून सांगतात, त्यांच्यावर हा पर्याय दिला की पर्सिस्टन्स सापडतच नाही. डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडच्या आरएम (काढता येण्याजोगा) रकान्यात १ आहे का, ते आधी बघून घ्यायचं. आमच्यावर १ होता.

मेन्यूत दोन नोंदी ठेवल्या. पहिली होमसकट, दुसरी अगदी साधी. साधीचं नाव मुलाच्या सूचनेवरून ‘काही जपणार नाही’ असं रोमन अक्षरांत लिहिलं. त्या रात्री मेन्यूत हे वाचलं असतं तर मॅप फाइल कुठे जातेय याचा त्यानं एकदा तरी विचार केला असता, असं त्याचं म्हणणं. मला पटलं.

राहिला प्रश्न पॅकेजांचा. होमच टिकवायचा म्हटल्यावर एपीटीनं बसवलेलं काही टिकत नाही. त्याची सोय सोपी निघाली. कोऱ्या प्रणालीत एकदा नेट जोडून हवी ती पॅकेजं डाउनलोड-ओन्ली पर्यायानं नुसती उतरवून घेतली. ती अवलंबून असलेल्या पॅकेजांसकट कॅशमध्ये येतात. तिथून होममधल्या एका फोल्डरमध्ये कॉपी केली. बूट झालं की एक छोटी स्क्रिप्ट चालवायची, ती सगळ्या डेब फाइली, म्हणजे उतरवलेली पॅकेजं, डीपीकेजी कमांडनं बसवते. नेट लागत नाही. छापखान्याच्या त्या मजल्यावर फोनला रेंज खिडकीत उभं राहिल्यावर मिळते, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही.

वायफायचे पासवर्ड मुद्दाम टिकवले नाहीत. नेटवर्कमॅनेजरचा फोल्डर यादीत घातला असता तर झालं असतं. पण असा पेन ड्राइव्ह दहा गिऱ्हाइकांकडे फिरतो आणि एखाद दिवशी विरार लोकलमध्ये पडतोही. नेट लागलंच तर फोन केबलनं जोडून टेदरिंग.

पेन ड्राइव्हची झीज कमी व्हावी म्हणून ईएक्सटी४चं जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी त्यांची टिपण ठेवणारी वही, काढून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. इथे तो ऐकायचा नाही. होमवर लिहिणं फार थोडं आहे, झिजून झिजून किती झिजणार? आणि मध्येच वीज गेल्यावर फाइल प्रणाली शाबूत राहावी याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. जर्नल ठेवलं आणि मग ते तपासलं. होममध्ये दर सेकंदाला एक ओळ लिहिणारी स्क्रिप्ट लावली आणि मशीनची वायर खेचली. परत बूट केल्यावर शेवटच्या काही ओळी नव्हत्या, बाकी सगळं जागेवर. मुलाला हे फार आवडलं. त्यानं आणखी दोनदा वायर खेचून पाहिली.

डिस्क

आता मूळ दुखणं. अर्धवट इमेज होती, मॅप नव्हता. सुरुवातीपासून वाचायची गरज मात्र पडली नाही. डीडीरेस्क्यूमध्ये जनरेट नावाचा मोड आहे. तो आधी घेतलेली इमेज तपासतो, जिथे मजकूर आहे तो भाग मिळालेला मानतो, जिथे नुसती शून्यं आहेत तो अजून न वाचलेला, आणि त्यावरून अंदाजे मॅप फाइल तयार करून देतो. अट एवढीच की न लिहिलेला भाग शून्यांचाच असायला हवा. इमेज साध्या फाइलीत घेतलेली होती, म्हणून ती अट पाळली गेली. जुनीच, आधी काहीबाही असलेली डिस्क थेट लक्ष्य म्हणून वापरली असती तर हा रस्ता बंद होता.

बनलेली मॅप फाइल एक्स्टर्नल डिस्कवर इमेजच्या शेजारी ठेवली, आणि दर पाच मिनिटांनी तिची एक प्रत होममध्ये यावी अशी ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. कमांड देण्याआधी डिस्कची नावं सिरियल नंबरसकट कागदावर लिहून घेतली. मूळ कुठली, लक्ष्य कुठलं हे उलटं झालं तर पुढे बोलायला काही उरत नाही, आणि आदल्या बूटला जी एसडीए होती ती पुढच्या बूटला एसडीबी होऊ शकते. पहिली फेरी डायरेक्ट वाचनाची, नो-स्क्रेप पर्यायासकट, म्हणजे कठीण तुकडे खरवडत बसू नको, आधी सोपं सगळं घे. अण्णांनी स्वतः पुठ्ठ्यावर लाल स्केचपेननं ‘मेन स्विच बंद करू नये’ असं लिहून बोर्डावर टांगलं. तरी दुसऱ्या रात्री इमारतीचा फ्यूज गेलाच. सकाळी मुलगा एकटा गेला, पहिली नोंद निवडून बूट केलं, तीच कमांड दिली, आणि काम आदल्या रात्रीच्या जागेवरून पुढे सरकलं. मला त्यानं फोन केला तोही नंतर, चहा पिताना.

सोपा भाग संपल्यावर खरवडण्याची फेरी लावली. त्यात डिस्क पुन्हा टिकटिकायला लागली, तेव्हा थांबलो. राहिलेला भाग पूर्ण डिस्कच्या मानानं नगण्य होता. पण नगण्य भाग कुठल्या फाइलीत पडतो यावर सगळं अवलंबून असतं. ते शोधायला इमेजची दुसरी प्रत करून तिच्यावर डीडीरेस्क्यूचा फिल मोड चालवला: मॅपमधल्या खराब जागा एका ठरावीक शब्दानं भरायच्या, मग इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट करून तो शब्द कुठल्या फाइलीत सापडतो ते ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडनं बघायचं. बहुतेक खराब जागा विंडोजच्याच फाइलीत होत्या, त्यांचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. कोरलड्रॉच्या थोड्या फाइली सापडल्या. त्यातली एक चालू कामातली, एका मंडळाच्या अहवालाच्या जाहिरातींची पानं.

अण्णांच्या वहिनी तिथे डीटीपी करतात. त्यांनी यादी बघितली आणि म्हणाल्या, ‘हिची बॅकअप ऑफ असेल की.’ कोरलड्रॉ सेव्ह करताना शेजारी बॅकअप ऑफ असं नाव लावून आधीची प्रत ठेवतं. बहुतेक माणसं तो कचरा म्हणून पुसतात, यांनी पुसला नव्हता. ती फाइल धड उघडली. एका जाहिरातदाराचा फोन नंबर जुना होता, तेवढा बदलावा लागला.

नंतर

९ ऑगस्टला डेबियन १३ आलं. मांडणीची खरी परीक्षा मला त्यात दिसत होती. अख्खी प्रणाली टिकवणाऱ्या ड्राइव्हवर पाया बदलला की वरचा थर निरुपयोगी होतो. बसवलेल्या पॅकेजांची जुनी नोंद वर, नवी प्रणाली खाली, आणि दोघांचा एकमेकांशी मेळ नाही. इथे मुलानं पहिलं पार्टिशन पुसलं, नव्या आयएसओतल्या फाइली टाकल्या, ग्रबच्या ओळीत ते दोन शब्द परत घातले. दुसऱ्या पार्टिशनला हात लावला नाही. फक्त डेब फाइलींचा फोल्डर रिकामा करून नव्या आवृत्तीच्या फाइली उतरवून घेतल्या, कारण १२साठीची पॅकेजं १३वर बसवायचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तासाभराचं काम, त्यातला बराचसा वेळ डाउनलोडचा.

एक अडचण शिल्लक आहे. पावतीपुस्तकांच्या कामाचं मशीन जुनं आहे, त्याला यूईएफआयच नाही, म्हणून हा पेन ड्राइव्ह त्याच्यावर बूट होत नाही. त्याच्यासाठी एक जुना १६ जीबीचा ड्राइव्ह डीडीनं भरून, उरलेल्या जागेत पर्सिस्टन्सचं पार्टिशन काढून वेगळा ठेवलाय. त्याच्यावर तो शब्द दर वेळी हातानं लिहावाच लागतो. मुलानं स्पेलिंग मार्करनं ड्राइव्हच्या टोपणावर लिहून ठेवलंय.